आत्याची कड घेताना

‘पाच मिनिटांचं काम आहे,’ हे वाक्य मी आयुष्यात तीनदा छातीठोकपणे उच्चारलं आहे. पहिल्यांदा गळका नळ दुरुस्त करायला घेतला तेव्हा. त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे शेजारी छत्री घेऊन वर आले होते. दुसऱ्यांदा मुलाच्या सायकलची चेन बसवताना. ती सायकल पुढे सुट्ट्या भागांच्या रूपात भंगारात गेली. आणि तिसऱ्यांदा परवा, आत्याला तिच्या जावेपासून वेगळं करायचं ठरलं तेव्हा.

म्हणजे फोटोत वेगळं करायचं. घरात ते अकरा वर्षांपूर्वीच झालं होतं. वाईच्या जुन्या घराच्या वाटण्या झाल्या, त्यात तांब्याचा बंब आत्याकडे आला. जावेचं, म्हणजे धाकट्या काकूंचं म्हणणं, बंब त्यांच्या माहेरचा. आत्याचं म्हणणं, माहेरून आलं होतं ते घंगाळ, बंब नव्हे. बंब घरात राहिला आणि बोलणं बाहेर गेलं. आतोबांनी दोघींत मध्यस्थी करायचा एकदा प्रयत्न केला. त्यानंतर त्यांना वर्षभर अंघोळीला बंबाचं पाणी मिळालं नाही.

तर आत्याची पंचाहत्तरी आली. आतेभावाने कार्यालय ठरवलं, जेवण ठरवलं, आणि दाराशी आठ बाय सहाचा फ्लेक्स हवाच असंही ठरलं. फ्लेक्ससाठी फोटो हवा. फोटो कुठला, हे आत्यानेच सांगितलं. गेल्या वर्षीच्या एका लग्नातला. “त्यात माझी मान सरळ आलीय. तोच घे. फक्त तिला काढ.”

त्या फोटोत आत्या आणि धाकट्या काकू खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. हे मनोमीलन नव्हतं. लग्नातल्या फोटोग्राफरला घरातली भांडणं माहीत नसतात. “काकू, जरा जवळ या, हात ठेवा खांद्यावर, हां, स्माइल!” असं त्याने फर्मावलं आणि काकूंचा हात आत्याच्या खांद्यावर पडला. आत्या हसली नाही, पण मान सरळ झाली. ताठ झाली म्हणा हवं तर.

आता हे काम माझ्याकडे का? तर सोसायटीच्या गणपतीची कार्यक्रमपत्रिका मी दरवर्षी कॉम्प्युटरवर करतो. त्यात मोदकाभोवती झेंडूची माळ लावण्यापलीकडे माझी मजल कधी गेलेली नाही, पण नातेवाइकांत ‘त्याला डिझायनिंगमधलं कळतं’ असा बोलबाला झाला. फ्लेक्सवाला पोरगा म्हणाला होता की कटिंगही आम्हीच करू, फोटो तेवढा पाठवा. मी म्हटलं, छे, कटिंग मी करून पीएनजीच देतो. पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्याकडे फोटोशॉप नाही. भाडं भरून सॉफ्टवेअर वापरायचं ही कल्पनाच मला पटत नाही. आमच्याकडे गिंप. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९६ साली लोकांपुढे ठेवलं, तेव्हापासून फुकट आहे. फुकटच्या वस्तूने केलेल्या चुका आपल्याच असतात, दोष द्यायला समोर कुणी नसतं, एवढाच त्यातला तोटा.

फोटो उघडला आणि मला बरं वाटलं. लग्नाच्या डेकोरेशनवाल्याने सेल्फीसाठी म्हणून प्लॅस्टिकच्या गवताची भिंत उभी केली होती, त्यावर ‘शुभविवाह’ असं ट्यूबलाइटच्या अक्षरांत. मागे सगळं हिरवंगार. अहो, सिनेमावाले यासाठी लाखो रुपये खर्च करतात! १९४० साली ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये निळा पडदा मागे लावून माणसं कापायची युक्ती केली, तिला ऑस्कर मिळालं. त्यातला चोर झालेला पोरगा आपल्या म्हैसूरकडचा साबू. पुढे निळ्याच्या जागी हिरवा आला, कारण कॅमेऱ्याच्या आतल्या दर चार ठिपक्यांतले दोन हिरवाच टिपतात. हे मला पाठ आहे. मी ते बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती एवढंच म्हणाली, “अहो, पण आत्यांची पैठणी कुठल्या रंगाची आहे?”

मी ऐकलं, पण थांबलो नाही. रंगावरून निवड करायचं हत्यार घेतलं, गवतावर क्लिक केलं, डिलीट दाबलं.

गवत गेलं. पैठणीही गेली. हवेत आत्याचं डोकं राहिलं, दोन हात राहिले, आणि जिथे आत्या असायला हवी होती तिथे सोनेरी काठ आणि चार मोर तरंगत राहिले. पुराणात राहूचं वर्णन वाचलं होतं, दर्शन प्रथमच झालं. मी घाईघाईने अन्डू केलं आणि गवताची मर्यादा थोडी वाढवून पाहिली, तर या खेपेला डोकं गेलं आणि पदर राहिला. म्हणजे केतूही झाला. ग्रहशांती करून मी पहिल्या रात्रीचं काम बंद केलं.

दुसऱ्या रात्री नवा पेच. मी हाताने रेघ ओढून मागचा भाग निवडायचो, डिलीट दाबायचो, आणि तिथे पांढरं यायचं. निवड, डिलीट, पांढरं. मला वाटलं पांढरं म्हणजेच काहीच नाही. आनंदाने फाइल आतेभावाला पाठवली. त्याने ती मरून रंगावर ठेवून पाहिली आणि फोन केला, “अरे, आईला खोक्यात का घातलंस?” शोधल्यावर कळलं की गिंपमध्ये फोटोला आधी अल्फा चॅनेल जोडावा लागतो; तो नसेल तर खोडलेल्या जागी मागचा रंग भरतो. चौथा थर असतो हा. लाल, हिरवा, निळा हे तिघं रंग सांगतात आणि अल्फा सांगतो की हा ठिपका किती आहे आणि किती नाही. शून्य म्हणजे अजिबात नाही, २५५ म्हणजे पुरता आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमुल या दोघांनी ही सोय काढली. असण्या-नसण्याच्या मधे २५४ पायऱ्या! आपल्याकडे एवढ्यावर एखादा पंथ निघाला असता.

अल्फा जोडला. मागे पारदर्शकतेची करडी-पांढरी चौकडी आली. आता जमलं म्हणून मी स्क्रीनचा फोटो आत्यालाच पाठवला. तिचं उत्तर आलं: “मागे ही लुंगी कुणाची वाळत घातलीय?”

इथवर मी हसतखेळत होतो. मग केसांशी गाठ पडली.

आत्याचा अंबाडा घट्ट असतो, पण कपाळावर आणि कानामागे पांढऱ्या बटा सुटलेल्या. कार्यालयातल्या पंख्याने त्या उडत होत्या. मी फोटो मोठा करत करत गेलो, आठशे टक्क्यांपर्यंत, आणि तिथे केस नावाची गोष्टच नव्हती. फिकट हिरवे, करडे, पांढुरके चौकोन. हिशोब करून पाहिला. व्हॉट्सअॅपवरून पिळून आलेल्या त्या फोटोत कमरेपर्यंतची आत्या ९०० पिक्सेल उंच होती. कमरेपर्यंत माणूस अडीच फूट धरा. म्हणजे एक पिक्सेल झाला पाऊण मिलिमीटरच्या थोडा वर. केसाची जाडी मिलिमीटरचा सात-शतांश वगैरे. म्हणजे एका पिक्सेलमध्ये डझनभर केस शेजारी शेजारी बसतील. एकटादुकटा केस असेल तर तो पिक्सेल थोडा आत्याचा आणि बाकी सगळा गवताचा. कापायचं कुठे? महाराष्ट्राचा सीमाप्रश्न १९५६ पासून सुटला नाही, पण तिथे निदान गाव तरी अख्खं इकडे किंवा तिकडे असतं. इथे प्रत्येक घरात दोन्ही राज्यं.

त्यातून पांढरे केस. काळे केस मागचा रंग सहसा उचलत नाहीत, पांढरे मात्र शेजाऱ्याचं सगळं घेतात. प्लॅस्टिकच्या गवतावरून परतलेला उजेड आत्याच्या कानामागे जाऊन बसला होता. मरून रंगावर ठेवल्यावर तो असा उठून दिसे की मेंदी समजून तिने डोक्याला पालक थापला असावा.

मी पेन टूल घेतलं. सगळे जाणकार सांगतात की कड स्वच्छ हवी तर पेन टूल. दोन बिंदू टाकायचे, मधली रेघ दांडी धरून वाकवायची. या वाकड्या रेघेला बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे रेनो मोटारींचे इंजिनिअर. १९६०च्या दशकात त्यांनी गाड्यांच्या पत्र्याला आकार देण्यासाठी ती वापरली. खरं तर सित्रोएनमधल्या कास्तेलझो यांनी ते गणित १९५९ सालीच मांडलं होतं, पण कंपनीने ते कुलपात ठेवलं आणि नाव दुसऱ्याचं झालं. (बंबासारखंच. वस्तू कुणाकडे आहे यापेक्षा आधी कोण ओरडलं यावर पुष्कळ गोष्टी ठरतात.) तर मोटारीच्या बॉनेटसाठी निघालेली ती रेघ मी आत्याच्या खांद्यावरून फिरवू लागलो.

पेन टूलचा नियम असा की बिंदू जितके कमी तितकी रेघ सफाईदार. मला हे ३४० बिंदू टाकून झाल्यावर समजलं. आत्याची सगळी कड कातण्याने कापलेल्या करंजीसारखी झाली होती. नाकाच्या टोकाला एक बिंदू किंचित आत गेल्यामुळे आत्याचं नाक, जे आमच्या घराण्याची एकमेव स्थावर मिळकत आहे, ते निम्म्यावर आलं होतं. वडील असते तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

करंजी मऊ करायला मी फेदर वापरलं. कडेला दहा पिक्सेलची मऊ साय येते, असं वर्णन वाचलं होतं. आली. आत्याभोवती धूसर, दुधाळ, हळूहळू विरत जाणारं तेज पसरलं. आणि हिरवी झाक जावी म्हणून मी सगळ्या फोटोतला हिरवा रंग उतरवला, पैठणी तेवढी जपली. मोठ्या अभिमानाने रात्री साडेअकराला फाइल पाठवली. पहाटे सहाला आत्याचा फोन.

“अरे, मी जिवंत आहे.”

“हो आत्या.”

“मग हे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ का केलंस? चौकात लागतात ना, तसलं? आणि माझा हिरवा चुडा राखाडी कसा झाला? हे इथे माझ्यासमोर बसून चहा पितायत!”

मागून आतोबांचा आवाज आला, “मी आहे, मी आहे.” एका फाइलमध्ये मी दोघांनाही पोचवलं होतं.

पूर्वीचे स्टुडिओवाले शहाणे होते. आत्याच्या लग्नानंतरचा जोडफोटो आहे, त्यात मागे रंगवलेला पडदा: खांब, जिना, कुंडी, लांबवर तळं. माणूस आधीच हव्या त्या जागी नेऊन बसवायचा म्हणजे नंतर कापाकापी नको. हल्ली आपण माणूस कुठेही उभा करतो आणि मग त्याला कुठल्या कुठे नेऊन ठेवायचा हट्ट धरतो. १९८७ साली जॉन नोल यांनी बोरा बोराच्या किनाऱ्यावर बसलेल्या आपल्या मैत्रिणीचा पाठमोरा फोटो काढला आणि पुढे फोटोशॉपची करामत तो फोटो घेऊनच लोकांना दाखवली. मी तो फोटो मुद्दाम पाहिला. समोर समुद्र, वर आभाळ, खाली वाळू, एकटी बाई. शेजारी जाऊ नाही. असं असेल तर कुणीही दाखवील करामत.

तिसऱ्या रात्री मुलगा मागे येऊन उभा राहिला. “बाबा, एवढं कशाला? माझ्या फोनवर नुसतं दाबून धरायचं.” ही सोय त्या फोनांत २०२२ पासून आहे म्हणे. त्याने आत्यावर बोट दाबून धरलं. एक चमक आली आणि फोटोतून माणूस अलगद उचलला गेला. बटांसकट, चष्म्याच्या दांडीसकट, नाकासकट. मी तीन रात्री जे करत होतो ते तीन सेकंदांत. फक्त आत्याबरोबर धाकट्या काकूही उचलल्या गेल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा दोघी. खांद्यावर हात असल्यामुळे यंत्राच्या मते ती एकच वस्तू होती.

“यांना वेगळं करता येत नाही वाटतं,” मुलगा म्हणाला आणि क्रिकेट बघायला गेला.

मी मात्र आता पेटलो होतो. मास्क लावला. हे खरं हत्यार: खोडायचं काहीच नाही, नुसतं झाकायचं. काळा ब्रश फिरवला की माणूस जातो, पांढरा फिरवला की परत येतो. मऊ ब्रशने बटांभोवती, कडक ब्रशने खांद्याभोवती. नाक परत आणलं, चुडा हिरवा केला, चष्म्याच्या काचेआडचं गवत सुद्धा काढलं. काकूंचं डोकं झाकलं, धड झाकलं, कोपर झाकलं, मनगट झाकलं. राहिली चार बोटं.

आणि ती काढता येईनात. अहो, बोटं झाकली तर खाली आत्या नव्हती. तिथे भोक. फोटोत बोटांखाली पैठणी असते असं आपण समजतो, पण कॅमेऱ्याने ती पाहिलेलीच नसते. माणूस कुणापासून तोडला की तोडलेल्या जागी तो अख्खा मिळत नाही, हे मी रात्री दीड वाजता शोधून काढलं. मग बोटं तशीच ठेवून, दुसऱ्या खांद्यावरचं कापड उचलून, उलटं करून, ठिगळासारखं त्यांच्यावर बसवलं. वेगळ्या लेयरवर. फार सुरेख बसलं. इतकं सुरेख की ठिगळाआधी आणि ठिगळानंतर असं मी दहा-बारा वेळा पाहिलं. लेयरशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की ठिगळ जातं, उघडला की येतं. मिट, उघड, मिट, उघड. स्वतःचं कौतुक करत करत मी फाइल पीएनजी केली, फ्लेक्सवाल्याला पाठवली आणि झोपलो.

डोळा मिटलेला होता.

फ्लेक्सवाल्या पोराचा सकाळी एक मेसेज आला होता: ‘काका फोटो फाटेल, ओरिजिनल असेल तर द्या.’ मी लिहिलं, ‘चालेल.’ त्याने विचारलं, ‘खांद्यावरचं ठेवायचं का?’ मला वाटलं तो पदराबद्दल विचारतोय. लिहिलं, ‘हो, तेच तर महत्त्वाचं आहे.’

कार्यक्रमाच्या दिवशी वाईला पोचलो. कार्यालयाच्या दाराशी फ्लेक्स. मरून पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, आणि मधोमध पाच फूट उंचीची आत्या. एकेका पिक्सेलचे पावणेदोन मिलिमीटर झालेले. नाक शाबूत. बटा ठीक. डाव्या खांद्यावर मनगटाशी तुटलेली चार बोटं, प्रत्येक सव्वा इंच रुंद, अनामिकेत पोवळ्याची आंगठी. शिवाय डाव्या बगलेतून जी फट दिसते ना, हात आणि कंबर यांच्या मधली, ती मी साफ विसरलो होतो. तिथलं गवत तसंच. आत्याने बगलेत ओल्या चाऱ्याची पेंढी मारली होती.

पाहुणे येत होते, फ्लेक्ससमोर थबकत होते आणि न बोलता आत जात होते. दोन लहान पोरं ‘भूत, भूत’ म्हणून बोटं मोजत होती. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. आमच्या घराण्यात ही शेवटची पायरी असते.

आणि धाकट्या काकू आल्या. आतेभावाने आईला न सांगता बोलावलं होतं. त्या रिक्षातून उतरल्या, फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या, पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि अगदी जवळ गेल्या.

“ही आंगठी माझी.”

कुणी काही बोलेना. मी खांबामागे होतो.

“आता आंगठीवरही हक्क सांगा,” आत्या म्हणाली. अकरा वर्षांनी थेट पहिलं वाक्य.

“आंगठीवर नाही सांगत. पण हात माझा आहे. अर्धाच का घेतलात?” मग त्यांची नजर खाली गेली. “आणि वन्सं, बगलेत हे काय? म्हैस घेतलीत?”

आत्या त्यांची वन्सं लागत नाही, जाऊ लागते. पण लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या आत्याला घाबरून वन्संच म्हणत आल्या. आत्याचं तोंड आधी आवळलं, मग एका कोपऱ्यातून सुटलं, आणि मग ती हसली. खोकला येईपर्यंत. फोटोग्राफर धावत आला. “काकू, जरा जवळ या, हात ठेवा खांद्यावर—”

“आहे तिथे,” आत्या म्हणाली. “तो काढतच नाही.”

बंबाचा विषय जेवताना निघालाच. त्याची तोटी गेली सहा वर्षं गळतेय असं आत्याने कबूल केलं. काकू म्हणाल्या, आमच्या घंगाळाला कधी गळती लागली नाही. आत्या म्हणाली, बघा, म्हणजे घंगाळच होतं. हे बोलणं अजून मिटलेलं नाही, पण आता ते फोनवर चालतं, रोज संध्याकाळी, मालिकेनंतर.

मला मात्र कुणी माफ केलेलं नाही. नव्या जोडफोटोतून मागचा कुलर काढायचं काम आतेभावाने सरळ फ्लेक्सवाल्या पोराला दिलं.

परवा वाईला गेलो होतो. परसदारी बंबफोड रचून ठेवला होता, पावसाने भिजू नये म्हणून त्यावर तो फ्लेक्स घातलेला, वर चार विटा. आत्याचा चेहरा घडीत गेला होता, अक्षरं आतल्या बाजूला. वरच्या अंगाला खांदा तेवढा दिसत होता आणि त्यावर ती चार बोटं. वाकून जवळून पाहिली. त्यांची कड इतकी सुबक होती, कुठे करंजी नाही, कुठे साय नाही. अख्ख्या फ्लेक्सवर मी हात न लावलेला तेवढाच एक भाग.